मीटरबाईंची जपणूक

मीटरबाई पहिल्यांदा पडल्या त्या जिन्यावरून नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे सगळा राग जिन्यावरच निघाला. पडल्या त्या तळमजल्याच्या सपाट फरशीवर. सफाईवाल्याने फरशी पुसून बादली बाजूला ठेवली होती, आणि ओल्यावरून जाऊ नका म्हणून सांगायला तो जागेवर नव्हता. बाहेर फोनवर कुणाशी तरी भांडत होता. बाईंचा पाय सटकला, डावा हात आधी टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. त्या फरशीवर कुणीही पडलं असतं. विशीतला पोरगा पडला असता, तर उठून, कपडे झटकून, सफाईवाल्याला दोन शिव्या हासडून चालायला लागला असता. बाईंनी सत्तरी ओलांडलेली, म्हणून ती ‘घटना’ झाली.

घटना हा शब्द चिरंजीवांचा. चिरंजीव एका मोठ्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. तिथला नियम साधा. अपघात झाला की आधी मशीन बंद. भोवती पिवळी पट्टी, स्विचला कुलूप, कुलपाला लाल पाटी. मग चौकशी, मग कारणं, मग उपाय, आणि वरून मंजुरी येईपर्यंत त्या मशीनला कुणी हात लावायचा नाही. या नियमाने कितीतरी कामगारांची बोटं शाबूत राहिली होती, आणि त्याचा चिरंजीवांना अभिमान होता. असावाच. माणूस कामाला चोख होता आणि आईवर त्याचा जीव होता. खरं दुखणं तेच आहे. वाईट असता तर बाईंनी त्याला केव्हाच सरळ केला असता.

बाईंना मीटरबाई हे नाव गल्ल्यांनी दिलेलं. वीज कंपनीत मीटर वाचायला त्या लागल्या तेव्हा नवरा नुकताच गेलेला, पदरात हा एकुलता एक पोरगा, आणि त्या खात्यात बाईमाणूस म्हणजे लोकांना नवल. मीटर कुठे असतात? जिन्याखाली जळमटांत, गच्चीच्या दाराशी, कुणाच्या मोडक्या पलंगामागे. बाईंनी शहरातले सगळे जिने पायाखाली घातले. लाकडी, लोखंडी, कठडा नसलेले, पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झालेले. एका हातात टॉर्च, खांद्याला पिशवी, दुसऱ्या हाताने कपाटाची दारं उघडायची. कठडा धरायला तिसरा हात नव्हताच. त्यामुळे त्यांच्या पायांनाच डोळे फुटले होते. आधी चवडा पायरीची कड चाचपायचा, मग अंगाचा भार पडायचा. इतक्या वर्षांत जिन्यावर त्या एकदाही पडल्या नाहीत. कुत्रा चावला, मधमाश्या चावल्या, एका घरमालकाने अंगावर पाणी ओतलं, पण पडल्या नाहीत.

बरोबर असायची बुटकी. हिचंही नाव खात्यानेच पाडलेलं. मीटर उंचावर, म्हणून आकडे वाचायचे उंचपुऱ्या मीटरबाईंनी आणि लिहून घ्यायचे बुटकीने. बुटकी त्यांना ‘लंबे’ म्हणून हाक मारायची. दोघी निवृत्त झाल्या तरी जोडी फुटली नाही. रोज संध्याकाळी बसथांब्याच्या बाकावर बसायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांची हजेरी घ्यायच्या, खात्यातल्या जुन्या साहेबांच्या नकला करायच्या आणि कोण आधी वर जाणार यावर भांडायच्या. पुढे बुटकीचे गुडघे गेले. ती दोन गल्ल्यांपलीकडे तळमजल्यावर राहायची. काठी टेकत बाकापर्यंत यायची, पण जिना चढणं तिच्या आवाक्यात राहिलं नव्हतं. फोनवर तिला ऐकू यायचं नाही, नुसतं ‘हॅलो हॅलो’ करून ठेवून द्यायची. म्हणजे भेट व्हायची तर मीटरबाईंनी तीन मजले उतरायचे आणि परत चढायचे. लिफ्ट नव्हती, आणि बाईंना ती कधी हवीही वाटली नव्हती.

प्लास्टर निघालं त्या संध्याकाळी बाईंनी पिशवी घेतली, चपला घातल्या. चिरंजीव दारात उभे.

“कुठे निघालीस?”

“खाली. बुटकी वाट बघत असेल.”

“आई, एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडतं. हे मी नाही म्हणत, आकडे म्हणतात.”

“मग सांग तुझ्या आकड्यांना, माझं मनगट मोडलं होतं. पाय नाही.”

“कारणं सापडेपर्यंत जिना बंद.”

“कारण ती बादली. सापडलं. सर बाजूला.”

चिरंजीव हसले. आईच्या तिखट जिभेचं त्यांना कौतुक होतं. पण दारातून हलले नाहीत.

आकडे खोटे नव्हते. एकदा पडलेलं माणूस खरंच पुन्हा पडतं. मधल्या काळात घरचे लोक त्या माणसाचं काय करतात, तेवढं मात्र चिरंजीवांनी कुठे वाचलेलं नव्हतं.

पंधरवड्यात घराचा कारखाना झाला. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पिवळी-काळी पट्टी चिकटली. बाहेरच्या दाराला वरच्या अंगाला कडी बसली, दोन्ही मनगटं धड असल्याशिवाय न निघणारी, आणि कारखान्यातून आणलेली लाल पाटी चिरंजीवांनी गमतीने तिथे अडकवली: चालू करू नये. सूनबाई हसल्या, बाईही हसल्या. मग ती पाटी तिथेच राहिली. बाईंच्या झिजलेल्या चामडी चपला टाकून दिल्या आणि जाड स्पंजच्या सपाता आल्या, इतक्या मऊ की पायाला जमीन कळेचना. चहा पलंगावर येऊ लागला. पाण्याचा तांब्या, चष्मा, टीव्हीचा रिमोट, सगळं हाताशी. उठायचं कारणच उरू द्यायचं नाही, असा तो बंदोबस्त होता. “राणीसारखं बसायचं आता,” सूनबाई म्हणायच्या. सूनबाई बँकेत होत्या, दिवसभर लोकांची तोंडं बघून आंबून यायच्या. बसायला मिळणं यापेक्षा मोठं सुख त्यांना ठाऊक नव्हतं.

तरी बाई रात्री न्हाणीघरात जायला उठतच. चिरंजीवांनी डॉक्टरांना विचारलं, रात्री उठणार नाही असं काही देता येईल का? डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. गोळीने झोप लागे, पण सकाळी डोकं जड, आणि ते जडपण दुपारपर्यंत उतरत नसे. बाई दुपारीही पडून राहू लागल्या. मुलगा म्हणाला, बघ, किती थकवा साठला होता अंगात!

पण बाई अशा हार मानणाऱ्या नव्हत्या. घरात कुणी नसताना, दाराला बाहेरून कुलूप असे तेव्हा, त्या सपाता काढायच्या, स्वयंपाकघरातला ओटा धरून चवड्यांवर उभ्या राहायच्या. मग टाचांवर. मग ओटा सोडून दारापर्यंत आणि परत. पोटऱ्या दुखायच्या, पण ते दुखणं त्यांना ओळखीचं होतं, जिन्यांचं दुखणं. आठवडाभर हा चोरटा व्यायाम चालला. मग एकदा सूनबाईंच्या बँकेत वीज गेली आणि त्या दुपारीच घरी आल्या. दार उघडून बघतात तो सासूबाई अनवाणी, एका पायावर! सूनबाईंनी अशी किंकाळी फोडली की शेजारी धावले. त्या किंकाळीने बाई दचकल्या, तोल गेला, ओट्याचा आधार वेळेवर सापडला.

“बघितलंत?” सूनबाई म्हणाल्या. “मी आले नसते तर?”

“तू आली नसतीस तर मी अजून उभी असते,” बाई म्हणाल्या. पण ते ऐकायला कुणाला सवड नव्हती. दोन दिवसांत सांभाळायला एक बाई आली.

ही सांभाळणारी बाई मनाने चांगली होती, पण आधीच्या घरी लकवा झालेल्या म्हाताऱ्याला उचलून-ठेवून तिची कंबर गेली होती. मीटरबाई उठू लागल्या की ती “आले आले” म्हणत कंबर धरून उठायची आणि असा सुस्कारा टाकायची की बाईंना मेल्याहून मेल्यासारखं होई. तिला त्रास नको म्हणून बाईंनी पाणी कमी केलं. पाणी कमी म्हणजे न्हाणीघराच्या खेपा कमी. ओठ सुकायचे, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि अंधारी आली हे सांगितलं तर उरलेलं उठणंही बंद होईल, म्हणून त्या सांगायच्या नाहीत. इतक्या मोकळ्या जिभेच्या बाई, पण बोलायच्या गोष्टी गिळायला शिकल्या.

बुटकी बाकावर वाट बघून कंटाळली. एका संध्याकाळी ती काठी टेकत इमारतीच्या तळाशी आली, जिन्याच्या पोकळीत मान वर करून उभी राहिली आणि ओरडली, “लंबे! मेलीस की काय?”

आवाज तीन मजले चढून घरात आला. मीटरबाई पलंगावर ताडकन उठून बसल्या. त्यांनी सांभाळणाऱ्या बाईकडे बघितलं. घरात तिसरं कुणी नव्हतं. बाईने दाराकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, आणि काय वाटलं तिचं तिलाच ठाऊक, वरची कडी काढली.

“जा आजी. मी नाही सांगायची कुणाला.”

मीटरबाई जिन्याच्या तोंडाशी आल्या. खाली पोकळीत बुटकीचं पांढरं डोकं दिसत होतं.

“जिवंत आहे ग,” त्या ओरडल्या.

“मग उतर की! साहेबाच्या म्हातारीची एक बातमी आहे, पोट धरून हसशील.”

बाईंनी सपाता काढल्या. उजवा पाय उचलला. चवडा पुढे गेला, कड चाचपली, आता भार टाकायचा. आणि मांडी लटपटायला लागली. नुसती मांडी नव्हे, सबंध पाय थरथरत होता, स्वतःचा नसल्यासारखा. त्यांनी कठडा धरला. जन्मात पहिल्यांदा धरला असेल. खाली बघितलं तर पायऱ्या एकमेकींत मिसळत होत्या. याच जिन्यावरून त्या भाजीच्या दोन पिशव्या घेऊन गुणगुणत चढायच्या.

“काय झालं ग?” खालून आवाज आला.

“उद्या येते.”

“उद्या कशाला? एक पायरी उतर. तुझे पाय तरी दिसू देत मला.”

“उद्या म्हटलं ना!”

बुटकीने काठी सावरली. इतक्या वर्षांची जोडीदारीण ती. आवाजावरून तिला सगळं कळलं असणार. “बरं,” ती म्हणाली, आणि काठीचा आवाज हळूहळू बाहेर गेला. मीटरबाई आत आल्या, सांभाळणाऱ्या बाईला म्हणाल्या, “दार लाव.” कडी घालायला त्यांनीच सांगितलं.

त्यांना त्या भीतीची इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी बुटकी पुन्हा आली तेव्हा त्या झोपल्या आहेत असा निरोप त्यांनी धाडला. तिसऱ्या दिवशीही तोच. पुढे बुटकी यायची बंद झाली. चिरंजीवांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की आई आता दाराकडे बघतसुद्धा नाही, शहाण्यासारखी बसून असते. पाहुण्यांना ते सांगायचे, तळहाताच्या फोडासारखी जपतो आम्ही आईला. आणि फोडाला जसं कुणी चालवत नाही, तसं आईला कुणी चालवत नव्हतं.

दुसऱ्यांदा बाई पडल्या त्या भर दुपारी, स्वतःच्या खोलीत, पलंग आणि न्हाणीघर यांच्या मधे. फरशी कोरडी ठणठणीत होती. उजेड लख्ख होता. वाटेत सतरंजी नव्हती, वायर नव्हती, काही नव्हतं. सगळं चिरंजीवांनी आधीच काढून टाकलेलं. सांभाळणारी बाई खुर्चीत पेंगत होती आणि तिला उठवायचं बाईंच्या जिवावर आलं. त्या उठल्या, सपाता घातल्या. अंधारी आली. स्पंजमधे पाय रुतल्यासारखा झाला आणि गुडघा दुमडला. पूर्वीच्या मीटरबाईंनी दुसरा पाय पुढे टाकून तोल सावरला असता. आता तो पाय निघालाच नाही. खुब्यावर आपटल्या, आणि आवाज असा झाला की पेंगणारी बाई किंचाळत उठली.

रुग्णवाहिकेच्या माणसांनी त्यांना स्ट्रेचरला पट्ट्यांनी बांधलं आणि जिना उतरवायला सुरुवात केली. चिरंजीव पुढे, “सावकाश, सावकाश” करत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही भान त्यांना नव्हतं. बाईंना वेदनेने काही सुचत नव्हतं, तरी प्रत्येक वळण त्यांना कळत होतं. खाली माणसं जमली होती. सांगावा कसा गेला कोण जाणे, बुटकीही काठी टेकत आली होती.

“उतरलीस ग बाई शेवटी,” बुटकी म्हणाली, आणि हसायच्या बेतात असलेलं तिचं तोंड वेडंवाकडं झालं. मीटरबाई हात पुढे करायला गेल्या, पण तो पट्टीखाली होता. रुग्णवाहिकेचं दार लागलं.

हाड जोडायला आत सळी घातली. शस्त्रक्रिया चांगली झाली असं सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी वॉकर घेऊन आली. हसरी, घाईतली, बाह्या वर केलेली.

“चला आजी, उभं राहायचं.”

“लगेच?” चिरंजीव खुर्चीतून उठले. “आजच्या आज? पुन्हा पडली तर?”

“नाही उभ्या राहिल्या तर नक्की पडतील,” मुलगी म्हणाली आणि त्यांच्याकडे न बघता बाईंच्या काखेत हात घातला. बाई उभ्या राहिल्या. घामाघूम झाल्या, दात ओठांत रुतले, पण उभ्या राहिल्या. चिरंजीवांनी मागून कमरेला हाताचा आधार दिला.

“जिना कधी ग चढता-उतरता येईल?” त्यांनी विचारलं.

मुलगी वाकून बाईंची न मोडलेली मांडी बघत होती. तिने ती हाताने दाबून बघितली, मग दुसऱ्या पायाची पोटरी. कातडी नुसती लोंबत होती.

“आधी मनगट मोडलं होतं ना यांचं? त्यानंतर चालणं किती होतं?”

“छे!” चिरंजीव म्हणाले. आवाजात थकवा होता, आणि तरी कारखान्यात बक्षीस घेताना असते तसली ताठ मानही होती. “एक पाऊल टाकू दिलं नाही आम्ही तिला. सगळं जागेवर.”

मुलगी ताठ उभी राहिली. “पाय तर चांगले होते ना तेव्हा? मग कुणी सांगितलं असं करायला? काका, या पायांत काही उरलेलंच नाहीये. हे आत्ताच्या पडण्याने नाही झालेलं. हे बसवून ठेवल्याने झालंय.”

चिरंजीवांनी आईकडे बघितलं. लहानपणी काच फोडून आल्यावर बघायचा तसं बघितलं. डोळे भरून वाहायला लागले. कारणं शोधण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला कारण सापडलं होतं, आणि ते तोच होता.

मीटरबाईंच्या मनात काय काय आलं! वाटलं, बोलू दे हिला अजून. माझ्या चपला फेकल्या ते सांगू, दाराला कडी घातली ते सांगू, माझी मैत्रीण खालून ओरडून ओरडून गेली ते सांगू. महिनोन्महिने गिळलेलं सगळं घशाशी आलं. मग त्यांना दिसलं की वॉकर धरलेले आपले हात थरथरताहेत आणि मागे कमरेला आधार आहे तो मुलाच्याच हाताचा. उद्या घरी न्यायचं ते यानेच, उठवायचं-बसवायचं ते यानेच. याला आज तोंडघशी पाडून जायचं कुठे? आणि पोरगा होता, रडत होता.

“त्याला नको बोलूस,” त्या म्हणाल्या. “त्याचा काही दोष नाही. मलाच मेलं चालायचा कंटाळा. पहिल्यापासून आळशी मी.”

चिरंजीवांनी सोडलेला श्वास बाईंना मानेवर जाणवला. त्यांना वाटलं होतं, तो म्हणेल, नाही ग आई, असं नको म्हणूस. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली.

“तेच तर सांगतोय मी,” चिरंजीव मुलीला म्हणाले. आवाज पूर्वपदावर आला होता. “ऐकतच नाही कुणाचं.”

मुलीचा चेहरा सैल पडला. तिने बाईंच्या खांद्यावर थोपटलं, आणि हट्टी पोराला भरतात तसा दम भरला. “आजी, आता आळस अजिबात चालणार नाही हं. थोडे तरी कष्ट घ्यायला हवेत.”

“हो ग बाई,” मीटरबाई म्हणाल्या. “चुकलंच माझं.”